मदत हवी आहे: ‘डाइड-इन-द-वूल’ला मराठीत काय म्हणावं?

मंडळी, एका इंग्रजी लेखाचं भाषांतर करतेय. लेखिकेचे आजोबा इंग्लंडातल्या यॉर्कशरच्या लोकर-गिरणीत होते आणि ‘डाइड-इन-द-वूल’, म्हणजे अगदी आतून पक्के, मजूरपक्षीय (तिथल्या लेबर पार्टीचे) होते. घाईत मी ‘डाइड’ म्हणजे मेलेले असं वाचलं आणि लोकरीत मेलेले आजोबा बघून चक्रावलेच! मग स्पेलिंग दिसलं: died नव्हे, dyed. रंगवणं आहे हे.

कापड विणून झाल्यावर रंगवतात, कातलेलं सूत रंगवतात, नाहीतर कातायच्या आधी मोकळी लोकरच रंगात बुडवतात. या शेवटच्या प्रकारात रंग तंतूतंतूत भिनतो, सहसा जात नाही. शब्दशः वापर १६व्या शतकापासूनचा. पक्षनिष्ठ माणसांना तो चिकटला १९व्या शतकात, अमेरिकेच्या राजकारणात.

अडतंय ते मराठीत. ‘कट्टर’ म्हटलं की आजोबा दंडुका घेऊन उभे राहतात. ‘अट्टल’ चोरासाठी. ‘मुरलेले’त बेरकीपणा येतो. ‘हाडाचे’ बरंच जवळचं, पण हाडाचा शिक्षक शोभतो, हाडाचा मजूरपक्षीय कानाला खटकतो. शिवाय रंग हरवतो तो वेगळाच. काही सुचतंय का?

प्रतिसाद १
सोलापुरी चादर आठवा. सूत आधी रंगवतात, मग विणतात, छापकामाचा प्रश्नच नाही. ‘सुतातच रंगलेले’ चालेल?

प्रतिसाद २
ताई, याचं एक भावंडही बघा: ‘इनग्रेन्ड’. त्यातलं ‘ग्रेन’ म्हणजे धान्य नव्हे. केर्मेस नावाचे किडे वाळवले की दाण्यांसारखे दिसत, त्यांच्यापासून लाल रंग काढत, म्हणून ‘ग्रेन’. त्या रंगात रंगवलेलं पक्कं, म्हणून पुढे ‘खोल रुजलेलं’. आणि केर्मेसचं मूळ संस्कृत ‘कृमिज’ मानतात. तेच फारसी-अरबीतून फिरून आपल्याकडे ‘किरमिजी’ झालं आणि इंग्रजीत ‘क्रिम्झन’. तुमच्या आजोबांच्या पक्षाचा रंगही लालच की!

मूळ धागाकर्ती
वा! किरमिजी माझ्या आजीच्या तोंडचा शब्द, त्यात किडा असेल असं कधी वाटलं नव्हतं. पण तो वाक्यात घातला तर तळटीप द्यावी लागेल, आणि संपादकांना तळटिपांचं वावडं आहे. नुसतं ‘रंगलेले’ घेतलं तर आजोबा थेट भजनात जाऊन बसतात, म्हणून ‘सुतात’ राहू देते. सध्या असं केलंय: ‘आजोबांची पक्षनिष्ठा सुतातच रंगलेली होती, वरून छापलेली नव्हती.’ मूळ लोकरीचं सूत झालंय, ते कळतंय मला. वाचताना अडखळायला होतं का, तेवढं सांगा. शुक्रवारी मजकूर द्यायचाय.