अँटी-टीपीओ वाढलं म्हणजे निदान झालं, असं नाही

ताई, घोडबंदर रोडच्या तुमच्या सासूबाई तीन आठवडे असंबद्ध बोलतायत, हात झटकला जाऊन कपातला चहा सांडतो, टीएसएच (थायरॉइडच्या कामाची रक्तचाचणी) ७, अँटी-टीपीओ (थायरॉइडविरोधी प्रतिपिंड) ९००. एवढ्यावरून हाशिमोटो एन्सेफॅलोपॅथी, म्हणजे या प्रतिपिंडांशी जोडला जाणारा मेंदूचा आजार, धरायची का, असं तुम्ही विचारलंय. घाई नको. हे प्रतिपिंड धडधाकट माणसांतही, साधारण दहांत एकाला, सापडतात. आकडा मोठा म्हणून मेंदूचा आजार मोठा, असंही नसतं.

हे निदान बाकीचं सगळं वगळूनच करतात. सोडियम, साखर, अमोनिया, बी१२, एमआरआय, ईईजी आणि मुख्य म्हणजे पाठीतलं पाणी (मेंदू आणि मज्जारज्जूभोवतीचा द्रव, पाठीत सुई घालून काढतात). चूक होते ती इथेच: स्टिरॉइड आधी सुरू होतं, नमुना नंतर जातो, मग पेशी कमी दिसतात आणि अहवाल फसवा येतो. रक्त आणि पाणी दोन्ही पाठवायला सांगा. मेंदूवर हल्ला करणाऱ्या प्रतिपिंडांपैकी एनएमडीए-रिसेप्टरचे कधीकधी फक्त पाण्यात मिळतात, एलजीआय१ चे रक्तात जास्त. पेशींची मोजणी तासाभरात व्हायला हवी, म्हणून जिथे लॅब त्याच इमारतीत आहे तिथेच पाणी काढून घ्या. हर्पिस विषाणू शोधणारी पीसीआर चाचणी आणि टीबीची तपासणी त्यातच. ताप असेल तर अहवालाची वाट न पाहता असायक्लोव्हिर (हर्पिसविरोधी औषध) सुरू करावं.

त्यानंतर मिथाइलप्रेडनिसोलोन हे स्टिरॉइड, रोज १ ग्रॅम शिरेतून, ३ ते ५ दिवस. साखर रोज तपासून. गुण आला तरी तो पुरावा नव्हे, लिम्फोमाही (एक प्रकारचा कॅन्सर) स्टिरॉइडने तात्पुरता ओसरतो.

हाताच्या झटक्यांचा मोबाइलवर व्हिडिओ काढून न्यूरोलॉजिस्टना आजच दाखवा.