ओरडतो म्हणजे उपाशीच असं नाही
बोका सारखा वाटीपाशी ओरडतो म्हणून खाणं वाढवा, हा वरचा सल्ला काही पटला नाही. घरातच राहणाऱ्या, नसबंदी झालेल्या ४ किलोच्या बोक्याला दिवसाला साधारण २०० ते २५० कॅलरी पुरतात. म्हणजे कोरडं खाणं जेमतेम ५५-६० ग्रॅम (पाकिटावरच्या कॅलरी बघून घ्या). वाटीत ते इतकंसं दिसतं की आपल्यालाच कसंतरी होतं आणि आणखी एक मूठ पडते! वजनकाट्यावर मोजून दोन-तीन वेळांत विभागून द्या. ८५ ग्रॅमचं ओलं पाऊच दिलंत, तर त्या दिवशी कोरडं वीसेक ग्रॅम कमी. दूध तर नकोच, बहुतेक मोठ्या मांजरांना पचत नाही. बरगड्या हाताला सहज लागतात ना? मग खुशाल ओरडू दे.