आईला घेऊन रोमला जातोय, काय नेऊ आणि काय नको?

भुसावळकर:
दीड महिन्यानं आईला घेऊन पाच दिवस रोमला जायचं आहे. वय 68, गुडघे धरलेले, पक्की शाकाहारी. तिनं आत्तापासूनच बिबडे, कळण्याचं पीठ, घरचं तूप काढून ठेवलंय, वर मळ्यातली केळीही न्यायची म्हणते. यातलं काय चालेल? आणि तिला चालवेल का?

चोपड्याची ताई:
भाऊ, तूप-पेढे घरीच ठेवा. बाहेरच्या देशातून दुधाचे आणि मांसाचे पदार्थ सोबत आणलेले युरोपात चालत नाहीत. फळांना रोग नसल्याचा सरकारी दाखला लागतो, पण केळी, नारळ, अननस, खजूर आणि ड्युरियन यांना सूट आहे. मायची केळी न्या, फक्त जरा कच्ची काढा. बिबडे स्टीलच्या डब्यात भरा, आमचा पार चुरा झाला होता.

गुडघ्यांना खरा त्रास दगडांचा. जुन्या रोमच्या गल्ल्यांत काळ्या बसाल्टचे चौकोनी दगड बसवलेत, मधल्या फटीत टाच अडकते. माझ्या सासूबाई चपलेवरच अडून बसल्या, दुसऱ्या दिवशी पाय सुजले. जाड रबरी तळव्याचे बूट आजच घ्या आणि रोज सकाळी घालून फिरायला लावा.

पाणी विकत घेऊ नका. रस्तोरस्ती लोखंडी नळ आहेत, नाझोनी म्हणतात, शहरात सुमारे 2500. पिण्याचं गार पाणी सतत वाहतं. नळाचं तोंड बोटानं दाबलं की वरच्या भोकातून धार उडते, फार वाकावं लागत नाही. आमच्याकडे पाणी चार दिवसांआड येतं. सासूबाई त्या धारेखाली हात धरून किती तरी वेळ उभ्या होत्या, मग म्हणाल्या, “हे बंद का नाही करत कोणी?”

धुळ्याचा प्रवासी:
बसमध्ये चढल्याबरोबर तिकीट यंत्रात छापून घ्या, नाहीतर तिकीट असूनही दंड होतो. 1.50 युरोचं तिकीट 100 मिनिटं चालतं. पिझ्झा मारिनारा मागा, त्यात चीज नसतं. पार्मेझान चीजमध्ये वासराच्या जठरातलं, दूध घट्ट करणारं रेनेट असतं, ते आईंना आधीच सांगा. सेंट पीटर्स चर्चमध्ये खांदे-गुडघे झाकलेले लागतात. साडी उत्तम, तुम्ही हाफ पँट टाळा.

भुसावळकर:
ताई, भाऊ, तूप परत बरणीत गेलं. आईला नळाचं वाचून दाखवलं, तर म्हणते, “मले पहिले तेच दाखव.” ताई, कोलोसियमच्या आसपास असा नळ आहे का?