पेगन म्हणजे मूर्तिपूजकच का?

प्रश्न : रोमन इतिहासावरचा एक लेख मराठीत आणतेय. 'पेगन' आला की मी डोळे झाकून 'मूर्तिपूजक' लिहीत गेले. चौथ्या पानावर जर्मन टोळ्यांनाही पेगन म्हटलंय आणि खालच्याच ओळीत त्या मूर्ती करत नसत असं आहे. आता काय करू?

उत्तर : अडकणारच. रोमन इतिहासकार टॅसिटसने इ.स. ९८ च्या सुमारास लिहून ठेवलंय की देवांना भिंतींत कोंडणं, त्यांना माणसाचा चेहरा देणं जर्मनांना पटत नाही. त्यांची देवस्थानं म्हणजे राया. आपल्या देवराया आठवा.

मूळ लॅटिन शब्द 'पागानुस'. 'पागुस' म्हणजे गावाकडचा मुलूख, तिथला तो पागानुस. सैन्यात नसलेल्या साध्या माणसालाही तेच म्हणत. चौथ्या शतकात ख्रिस्ती लोक जुने देव न सोडणाऱ्यांना हा शब्द लावू लागले. खेड्यांत जुना धर्म जास्त टिकला म्हणून, असं काही म्हणतात. जो ख्रिस्ताचा शिपाई नाही तो पागानुस, असं दुसरे. मला त्यात 'गावंढळ'चा वास येतो. ज्युपिटरला बैल चढवणारा रोममधला सरदार आणि रायीत हात जोडणारा जर्मन, दोघं एकमेकांना ओळखतही नव्हते. त्यांना एका पोत्यात घातलं ते तिसऱ्याने.

प्रश्न : मग 'पाखंडी'?

उत्तर : नको हो. पाखंडी आपल्याच घरात राहून वेगळं बोलतो, पेगन घराबाहेरचा. गंमत म्हणजे अशोकाच्या गिरनारच्या बाराव्या लेखात 'पासंड' म्हणजे नुसता पंथ, आणि राजा सगळ्या पासंडांचा मान राखायला सांगतो. पुढे त्याची शिवी झाली.

प्रश्न : पण हे लोक मानत तरी काय? लेखात एक परिच्छेद त्यावरच आहे.

उत्तर : रोमनांपुरतं सांगतो. एकच धर्मग्रंथ नाही, प्रेषित नाही. देव पुष्कळ, दाराचा वेगळा, चुलीचा वेगळा. काय मानता यापेक्षा विधी नीट केलात का, याला महत्त्व. देवाशी व्यवहार रोखठोक. ब्रिटनमधल्या रोमन छावण्यांजवळ दगडी वेद्या सापडतात, त्यांवर शेवटी चार अक्षरं असतात : व्ही एस एल एम. अर्थ, 'नवस फेडला, आनंदाने, देवाचा हक्कच होता म्हणून'. इथे 'नवस' चपखल बसतो, बिनधास्त वापरा.

भर : आजच्या लोकांना मात्र 'पेगन'च म्हणा, कारण त्यांनी तो शब्द स्वतःहून घेतलाय. इंग्लंडमध्ये चेटूकविरोधी कायदा १९५१ मध्ये रद्द झाला आणि १९५४ मध्ये जेराल्ड गार्डनरचं चेटकावरचं पुस्तक आलं. तिथून 'विक्का' हा नवा पेगन पंथ पसरला. त्यांचे वर्षाचे आठ सण अयन, संपात आणि मधल्या दिवसांवर बेतलेले. आइसलँडमध्ये थॉर, ओडिन या तिथल्या जुन्या देवांना मानणाऱ्यांची संस्था १९७२ मध्ये निघाली, पुढच्या वर्षी सरकारी मान्यताही मिळाली. यांना 'निसर्गपूजक' म्हटलं तर फारसं बिघडत नाही. रोमनांना म्हणू नका, त्यांचा दाराचा देव कुठल्या निसर्गात बसवणार?

प्रश्नकर्ती : चौथ्या पानावर 'जुने देव मानणाऱ्या जर्मन टोळ्या' केलं. वाक्य लांबलं, पण खालच्या ओळीशी भांडत नाही.