घडीचे चाकू, क्राफ्ट बिअर आणि सिंगल माल्ट : कोल्हापुरात या नादाचं कोण हाय काय?

राजारामपुरीकर
मंडळी नमस्कार. मला जुन्या पद्धतीचे घडीचे चाकू जमवायचा नाद लागलाय, म्हणजे बटण दाबलं की खटकन उघडणारे नव्हेत, पात्यावरच्या खाचेत नख घालून ओढून उघडायचे, लाकडी नाहीतर हाडाच्या मुठीचे. शनिवारी आम्ही तिघं-चौघं मित्र टेरेसवर बसतो, एखादी बरी क्राफ्ट बिअर (छोट्या ब्रुअरीतली) नाहीतर सिंगल माल्ट (एकाच डिस्टिलरीतली बार्लीची व्हिस्की) असते आणि मधे ट्रेमध्ये चाकू मांडलेले असतात, मग कुठलं पातं कशासाठी, कुठलं पोलाद, यावरच रात्र जाते. सध्या माझ्याकडं ओपिनेल ८ नंबर, कार्बन पोलादाचं (म्हणजे गंजणारं) पातं असलेला, एक व्हिक्टोरिनॉक्स आणि आजोबांचा इंग्लंडातल्या शेफिल्डचा रॉजर्स आहे, त्याच्या पात्याच्या बुडाशी तारा आणि माल्टीज क्रॉसची खूण अजून स्पष्ट दिसते. आता अडचण अशी की पाऊस सुरू झाल्यापासनं ओपिनेल उघडता उघडत नाही आणि रॉजर्सवर तांबूस ठिपके यायला लागलेत. काय करता तुम्ही लोक? पुढचा कुठला घेऊ? आणि मित्र दरवेळी आयपीए (ती कडवट बिअर) आणतात, तांबड्या रश्श्याबरोबर ती प्याली की तोंडाची नुसती आग होते, त्याला पर्याय सांगा. खिशात चाकू ठेवून फिरलं तर लफडं होईल काय तेपण सांगा.

उद्यमनगर_फिटर
भावा ओपिनेल बिघडलेला नाही, बीचचं लाकूड दमट हवेत फुगतं आणि पात्याला दोन्हीकडनं आवळून धरतं. आधी पातं लॉक करणारी ती गोल रिंग उघड्या बाजूला फिरव, मग मुठीचं मागचं टोक टेबलाच्या कडेवर टकटक आपट, पातं आपोआप वर येतं. फ्रान्समधल्या सावॉयातले लोक असंच उघडतात, चाकूपण तिथलाच, १८९० पासनं. रिंग मागनं १९५५ ला आली, त्याआधी लॉक नव्हतंच. लाकूड आत्ता घासू नको, थंडीत आकसलं की ढिलं होईल. नीट वाळल्यावर सांध्यात जवसाचं तेल पाज, एकदा मुरू दे, परत पाज.

गंजाचं म्हणशील तर मेडिकलमधनं लिक्विड पॅराफिन आण आणि पात्यावर, सांध्यात बोटानं पातळ हात फिरव, खाण्याच्या वस्तूला लागलं तरी चालतं. खोबरेल लावू नको, ते थंडीत गोठतं आणि सांध्यात चिकट होऊन बसतं. रॉजर्सचे ठिपके अगदी बारीक स्टील वूल तेलात भिजवून हलक्या हातानं काढ, पण खुणेच्या जवळ जाऊ नको आणि बफिंग मशीनला तर देऊच नको, खूण पुसली की जमवणाऱ्याच्या दृष्टीनं चाकू गेला. सायकलवरच्या धारवाल्यालापण नको. चाकावर पातं निळं पडलं म्हणजे पाणी उतरलं, मग कितीबी घास धार टिकत नाही. पाण्याचा दगड (ओला करून धार लावायचा) घे आणि घरीच लाव.

अजून एक महत्त्वाचं. आपल्याकडं चप्पल लाइनीत चामड्याची झकास म्यान शिवून मिळते, जरूर शिवून घे, पण चाकू त्यात ठेवून कपाट बंद करू नको. कोल्हापुरीचं चामडं बाभळीची साल आणि हिरड्यात कमवतात, त्यातलं टॅनिन आणि हवेतली ओल मिळून कार्बन पोलाद काळं करतं. घरात सुती कापडात गुंडाळून डब्यात, सोबत सिलिका जेलच्या पुड्या, बास.

पुण्यातला_कोल्हापूरकर
पिण्याचं मी सांगतो. आयपीएत हॉप्स नावाच्या फुलांचा कडवटपणा जास्त आणि अल्कोहोलपण साध्या बिअरपेक्षा चढं असतं, दोन्ही तिखटाला पेटवतात. तांबड्याबरोबर व्हीट (गव्हाची) बिअर घ्या, त्यातली जर्मन पद्धतीची हेफेवायझेन मिळाली तर फारच छान, तिच्यात केळं आणि लवंगेचा जो वास येतो तो यीस्टमुळं येतो, वरनं काही घातलेलं नसतं, आणि कडवटपणा नावालाच. पांढऱ्या रश्श्याबरोबर तर ती इतकी जमते की मी दुसरं काही घेतच नाही. आयपीए प्यायचीच असेल तर जेवणाच्या आधी, खारे शेंगदाणे घेऊन, आणि कॅनवरची तारीख बघून, कारण हॉप्सचा वास आधी उडतो आणि उन्हात फिरलेला माल तर घेऊच नये. पुण्यात आलात तर मायक्रोब्रुअरीत (जिथं बनवतात तिथंच पाजतात) ताजी पिऊन बघा, २००९ ला डूलाली सुरू झाली तेव्हापासून इथं चांगली सवय लागलीय लोकांना.

व्हिस्की मात्र जेवणानंतर. आपल्याकडची सिंगल माल्ट घ्या, बंगळुरूची अमृत, गोव्याची पॉल जॉन. इथल्या उष्णतेत पिंपातून वर्षाला १० ते १२ टक्के उडून जाते, स्कॉटलंडात साधारण २ टक्केच, म्हणून आपली पाच-सहा वर्षांची माल्टपण भरदार लागते आणि बाटलीवर वय लिहिलेलं नाही म्हणून नाक मुरडायचं कारण नाही. अमृतची फ्यूजन ५० टक्के अल्कोहोलची आहे, चमचाभर पाणी घालून पाच मिनिटं थांबा, वास उघडतो. सोबत आपला गूळ, दाणेदार पिवळा, आणि भाजके शेंगदाणे. ते करून बघाच. आणि ज्याला चाकूंचा नाद आहे त्यानं रामपूरची बाटली एकदा तरी ट्रेशेजारी ठेवावी, उत्तर प्रदेशातल्या त्याच गावचा रामपुरी चाकू आणि त्याच गावची १९४३ ची डिस्टिलरी, सिंगल माल्ट मात्र २०१६ ला बाजारात आली.

गोव्यावरनं येताना स्वस्त म्हणून गाडीत बाटल्या भरू नका. विनापरवाना इकडं आणणं गुन्हा आहे आणि आंबोली, गगनबावड्याकडं तपासणी होते. पिण्याचं परमिट काढून ठेवा, आणि बिअरला २१, हार्डला २५ वर्षं पूर्ण लागतात हे बरोबरच्या पोरांना सांगा.

शाहूपुरी_४
कायद्याचं थोडक्यात. शस्त्र नियमांत ९ इंचापेक्षा लांब किंवा २ इंचापेक्षा रुंद पात्याची हत्यारं येतात, घरकाम-शेतीची अवजारं वगळून. तुमचा ओपिनेल साडेआठ सेंटीमीटरचा, त्यामुळं घरी ठेवायला अडचण नाही. पण सण, मिरवणूक, निवडणूक असली की महाराष्ट्र पोलीस अधिनियम १९५१ च्या कलम ३७ (१) खाली शस्त्रबंदी लागते आणि त्या आदेशात सुरे-चाकू जवळ बाळगायलाच मनाई असते, तिथं इंच मोजत बसत नाहीत. आपल्या जिल्ह्यात हे आदेश वरचेवर निघतात. तेव्हा शहरात खिशात घेऊन फिरूच नका, आणि पिऊन तर नाहीच. सांबरशिंगाची मूठ म्हणून कोण जुन्या बाजारात दाखवत असेल तर हातपण लावू नका, वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ आहे. हाडाची मूठ म्हणजे बैल-म्हशीची, ती चालते.

राजारामपुरीकर
लई उपयोगी पडलं सगळं, मनापासून आभार. टकटक केल्यावर ओपिनेल खरंच उघडला. पुढचा कुठला ते राहिलं. कार्बनच्या पात्यावर कैरी कापून रंग चढवतात म्हणे, करू का?

कळंबा_रोड
कैरी नुसती खायला काप, रंग आपोआप चढेल. व्हिनेगरमध्ये बुडवून एका रात्रीत काळं केलेलं पातं मला बघवत नाही, सगळीकडं एकसारखं मेलेलं दिसतं. वापरातनं येतो तो करडा-निळा रंग ढगाळ असतो, कांद्याचा वेगळा, मटणाचा वेगळा, आणि तुझ्या त्या शनिवारच्या बैठका पात्यावर उमटतील. फक्त कापल्याबरोबर पुसायचं, लिंबू कापून ग्लासाशेजारी ओला टाकला की सकाळी गंज.

पुढचा म्हणशील तर केस कंपनीचा स्टॉकमन घे, अमेरिकेत पेनसिल्व्हेनियातल्या ब्रॅडफर्डचा. तीन पाती, टोकदार क्लिप, सरळ धारेचं शीपफूट आणि बोथट टोकाचं स्पे, तिन्हींची कामं वेगळी. ऑर्डर करताना सीव्ही (क्रोम-व्हॅनेडियम) पोलाद बघून घे, स्टेनलेसला असा रंग चढत नाही. जुना मिळाला तर पात्याच्या बुडाशी कंपनीनं छापलेले ठिपके मोज, १९७० ला दहा ठिपके होते आणि पुढं दरवर्षी एक कमी करत गेले, त्यावरनं साल निघतं. बजेट कमी असेल तर जपानमधल्या मिकी गावचा हिगोनोकामी, स्प्रिंग नाही, लॉक नाही, नुसता अंगठ्यानं दाबून धरायचा.

आणि बैठकीचं. आमच्यात रिवाज असाय की धार लावणं, उघडमीट, एकमेकांच्या हातात देणं हे सगळं पहिल्या ग्लासाच्या आधी. स्टॉकमनला लॉक नसतं, चुकीचा जोर पडला तर पातं थेट बोटावर मिटतं, आणि दोन पेग झाल्यावर तो जोर कळत नाही. काकडी, कांदा, लिंबू आधीच कापून ताटात ठेवा, चाकू पुसून तेल लावून डब्यात, मग बिअर फोडा. बाटलीचं झाकण उघडायला व्हिक्टोरिनॉक्स तेवढा बाहेर राहू दे, त्याची पाती मिटूनच.