जुन्या २८ इंची सायकलचं सामान स्वस्तात कुठं?

जालनेकर: रॉड-ब्रेकची (तारेऐवजी सळईनं ओढणारे ब्रेक) जुनी सायकल घेतली. रिम सडल्यात, क्रँक (पायडलचा दांडा) खटखटतो. जुन्या वळणाचंच सामान पाहिजे.

चाकवाला: मोठ्या शोरूममध्ये जाऊ नका. तालुक्याच्या गावातल्या जुन्या दुरुस्तीवाल्याकडं विचारा, माळ्यावर पडलेलं असतं. रिमची आऱ्यांची भोकं मोजा: पुढं ३२, मागं ४०. टायर २८×१½, म्हणजे रिमवर बसतो तिथला व्यास ६३५ मिमी. ७००सी हा दुसऱ्या मापाचा टायर ६२२ चा, तो बसणार नाही.

लातुरी: खटखट बहुधा कॉटर पिनची, म्हणजे क्रँक आसाला धरून ठेवणाऱ्या पाचरेची. नुसत्या नटानं ओढू नका, आटे जातात. क्रँकखाली लोखंडी ठोकळा देऊन पिन ठोका, मगच नट आवळा. ठोकळा नसला की घाव बेअरिंगवर बसतो. दोन्ही पिना उलटसुलट घाला, नाहीतर क्रँक एका रेषेत येत नाहीत.

चाकवाला: घंटी, चेनकव्हर भंगारात बघा. क्रोमला पॉलिशपेपर अजिबात नको. ओल्या अॅल्युमिनियम फॉइलच्या बोळ्यानं गंज निघतो.