मदत हवी आहे : कुलूची कोवळी पाने कळलावी आणि रानकांदा यांपासून कशी ओळखावीत?

आमचे गाव मुरबाड तालुक्यात आहे. मृगाचा पाऊस पडून आठ-दहा दिवस झाले की आम्ही घरामागच्या माळावर कुलू खुडायला जातो. काही ठिकाणी या भाजीला फोडशी म्हणतात. इतकी वर्षे सोबत सासूबाई असत आणि त्यांनी खुडलेली भाजी आम्ही निर्धास्तपणे पाटीत टाकत असू. त्यांच्या निधनानंतर गेल्या वर्षी प्रथमच मी आणि माझ्या जाऊबाई अशा दोघीच गेलो. परतताना वाडीवरच्या एका कातकरी मावशींनी पाटीत नजर टाकली आणि काही न बोलता तीन कोंब वेचून बाजूला ठेवले. ते कळलावीचे होते. उरलेली भाजी चांगली आहे असे त्यांनी सांगितले, तरीही घरात दोन लहान मुले असल्यामुळे मला ती शिजवण्याचा धीर झाला नाही.

कळलावीच्या सर्व भागांत, विशेषतः कंदात आणि बियांत, कोल्चिसीन नावाचे विष असते आणि शिजवल्याने ते नाहीसे होत नाही, हे मी त्यानंतर वाचले. उलट्या आणि जुलाब खाल्ल्यानंतर काही तासांनी सुरू होतात, त्यामुळे थोडेसे चाखून वाट पाहण्याची पद्धत येथे धोक्याचीच ठरते. रानकांद्याचे विष वेगळे असून ते हृदयाच्या ठोक्यांवर परिणाम करते.

माझी खरी अडचण झाडाच्या वयाची आहे. फुललेली कळलावी कोणीही ओळखेल, कारण मागे वळलेल्या लाल-पिवळ्या पाकळ्या आणि पानाच्या टोकाचा वळलेला ताणा यांमुळे ती लपून राहत नाही. परंतु कुलू आपण फुलण्यापूर्वी, पाने वीतभर असतानाच खुडतो, आणि त्या वेळी कळलावीच्या तळाच्या पानांना तो ताणा अनेकदा आलेलाच नसतो. फूल नसताना, केवळ पान आणि बुंधा पाहून भरवसा ठेवता येईल अशा खुणा कोणत्या, हे ज्यांनी स्वतः ही भाजी वर्षानुवर्षे खुडली आहे त्यांनी कृपया सांगावे. टाकळा ही पावसाळी रानभाजी आणि तिच्यासारखाच दिसणारा कासविंदा यांतील फरकही कोणी लिहिला तर उपकार होतील.

प्रतिसाद १

ताई, पानाच्या टोकाकडे पाहण्याऐवजी पान कोठून निघते ते पाहावे. कुलूला जमिनीवर खोड नसते. तिची सगळी पाने बुडाशी एकाच जागेतून गवतासारखी फुटतात. कळलावीचा कोंब म्हणजे खोड असते आणि त्या खोडावर पाने वरवर चढत गेलेली दिसतात. म्हणून विळ्याने मूठभर पाने एकदम कापू नयेत, कारण कापल्यावर ही खूण मागे मातीत राहते आणि पाटीत नुसती पाने उरतात. तुमच्या पाटीत ते तीन कोंब कदाचित असेच आले असतील. एकेका ठोंबाच्या बुडाशी बोट घालून, पाहून मगच खुडावे.

रानकांद्याच्या बाबतीत मात्र ही खूण अपुरी पडते, कारण त्याचीही पाने थेट जमिनीतूनच येतात. तेथे खुरपीने माती बाजूला करावी लागते. कुलूच्या खाली लांबट, मांसल मुळ्यांचा घोस असतो, तर रानकांद्याच्या खाली पापुद्र्यांचा कांदा निघतो. कांदा दिसला की ते कुलू नव्हे, मग पान कितीही सारखे असो. हाच नियम गडांबीसारख्या, जमिनीत कांदा असणाऱ्या इतर वनस्पतींपासूनही आपल्याला वाचवतो. पाहून झाल्यावर कुलूच्या मुळ्यांवर माती पुन्हा सारावी. ठोंब जगला तर पुढच्या वर्षी भाजी मिळते.

टाकळ्याला बहुधा पर्णिकांच्या, म्हणजे एकाच देठावरच्या छोट्या पानांच्या, तीन जोड्या असतात आणि त्यांची टोके गोलसर असतात. कासविंद्याला चार-पाच किंवा अधिक जोड्या असून पर्णिका टोकदार असतात. कासविंद्याच्या बिया मुलांच्या हाती लागू देऊ नयेत; पश्चिम उत्तर प्रदेशात लहान मुलांच्या एका जीवघेण्या आजाराचा संबंध डॉक्टरांनी या बियांशी जोडला आहे.

प्रतिसाद २

वरील खुणा योग्य आहेत, पण नवशिक्या माणसाने त्यांवर एकट्याने विसंबू नये असे माझे स्पष्ट मत आहे. कुलू, कळलावी आणि रानकांदा या तिन्ही वनस्पती जमिनीखालच्या भागातून दरवर्षी त्याच जागी उगवतात, आणि याचाच उपयोग करून घेता येतो. रानकांदा उन्हाळ्यात, पाने नसताना, नुसत्या दांड्यावर फुलतो. कुलूला पावसात सहा पाकळ्यांची पांढरी फुले येतात. कळलावी श्रावण-भाद्रपदात फुलते. यंदा फुले पाहून त्या त्या जागी चुना लावलेले दगड ठेवावेत आणि पुढच्या वर्षी केवळ कुलूच्या दगडांजवळचीच पाने, तीही बुडाशी तपासून, खुडावीत. जेथे कळलावी फुललेली दिसली त्याच्या आसपासची भाजी सोडूनच द्यावी.

चुकून काही खाल्ले गेल्याची शंका आली, तर त्रास सुरू होण्याची वाट न पाहता १०८ वर फोन करून रुग्णालयात जावे आणि उरलेली भाजी, शक्य असल्यास मुळासकट उपटलेले झाड, सोबत न्यावे. घरगुती उताऱ्यात वेळ घालवू नये.

धागाकर्ती

दोघांचेही मनापासून आभार. बुंध्याची खूण मला कोणीच सांगितली नव्हती. सासूबाई खुडण्यापूर्वी प्रत्येक ठोंबाच्या बुडाशी अंगठा का फिरवत असत, ते आज समजले. यंदा आम्ही पाटी न घेता फक्त दगड ठेवायला जाणार आहोत. त्या कातकरी मावशींना सोबत येण्याची विनंती केली असून त्यांनी येत्या रविवारी यायचे कबूल केले आहे. रानकांद्याच्या फुलांचा हंगाम या वर्षी हुकला आहे, त्यामुळे त्याच्या जागा त्यांच्याकडूनच खुरपीने पाहून घेईन.